‘दहापैकी नऊ वेळा’ : स्पष्टवक्ता यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ यांस,

उघडत नसलेल्या हार्ड डिस्कबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लेखात मी म्हटलं होतं की आजारी डिस्कवर थेट चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम, चालवू नका; आधी तिची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्या. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायको म्हणाली, झोप आता, सकाळी लिही. सकाळ झाली. मत तेच आहे.

मी सोयीची वाक्यं उचलली असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून तुमची प्रतिक्रिया आधी पूर्ण उतरवतो : “लेख वाचून करमणूक झाली. दहापैकी नऊ वेळा चेकडिस्क चालवलं की डिस्क उघडते, हे २५ वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. स्विच न देता चालवलं तर चेकडिस्क काहीच लिहीत नाही, हे लेखकाला बहुधा माहीत नसावं. केबल बदलून बघायचं शेवटी कुठेतरी लिहिलंय, ते सर्वांत आधी हवं. आणि इमेज घ्यायला तेवढीच मोठी दुसरी डिस्क लागते. ती हाताशी असती तर माणसाने बॅकअपच घेतला नसता का? असल्या लेखांनी सामान्य माणूस उगाच घाबरतो.”

करमणूक झाली. ठीक आहे. चार संध्याकाळी घालवून लिहिलेल्या लेखाने कुणाची करमणूक होत असेल तर तेही पुण्यच. पण ‘बहुधा माहीत नसावं’ यातला ‘बहुधा’ मला खटकला. माहीत नाही असं वाटत असेल तर तसं सरळ म्हणावं. स्वतःचं नाव स्पष्टवक्ता ठेवायचं आणि टोमणा मात्र ‘बहुधा’च्या आडून मारायचा, हे काही जुळत नाही. माझ्या लेखात कुणाचाही अपमान नव्हता. ‘हे करू नका’ असं सांगितलं की ते करत आलेल्या माणसाला तो स्वतःवरचा आरोप वाटतो, त्याला माझा इलाज नाही.

जे मान्य आहे ते आधी मान्य करून टाकतो. केबलचा मुद्दा बरोबर. तो वर हवा होता. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ठरल्याप्रमाणे ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० च्या पोर्टमधून ९००, आणि अडीच इंची डिस्कला फिरायला सुरुवात करताना कधीकधी याहून जास्त लागतात. वीज कमी पडली की डिस्क टिकटिक करते, थांबते, पुन्हा सुरू होते, आणि माणूस समजतो की आतून गेली. केबल आखूड आणि चांगली घ्या, हबमध्ये न लावता सरळ मशीनच्या मागच्या पोर्टमध्ये लावा. डिस्क सॅटा केबलने मशीनच्या आत जोडलेली असेल तर स्मार्टच्या तक्त्यात, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, सी७ या क्रमांकाची नोंद पाहा. तिथला आकडा वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा केबलचा असतो. सी५ चा आकडा वाढत असेल तर मात्र केबल बदलत बसू नका, ती डिस्कची स्वतःची दुखणी आहेत. झालं? हा मुद्दा तुमचा. लेखात तो अकराव्या परिच्छेदात होता, ‘शेवटी कुठेतरी’ नव्हता, पण असो.

आता स्विच, म्हणजे आज्ञेपुढे जोडायचं अक्षर. हो, स्विच न देता चालवलेलं चेकडिस्क फक्त वाचतं, लिहीत काही नाही. हे मला माहीत होतं. ‘चेकडिस्क डिस्कवर लिहितं’ असं मी लिहिलं तेव्हा एफ (चुका दुरुस्त कर) किंवा आर (खराब जागाही शोध) हे स्विच गृहीत धरले होते, ते स्पष्ट लिहायला हवं होतं. पण महाशय, तुमचीच दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून बघा. एकात तुम्ही म्हणता की चेकडिस्कने डिस्क उघडते. दुसऱ्यात म्हणता की स्विच न देता ते काही लिहीत नाही. जे काही लिहीत नाही ते दुरुस्तही काही करत नाही. मग तुमच्या त्या नऊ डिस्क उघडल्या कशाने? एफ दिल्यानेच ना? म्हणजे लेखात मी ज्याची धास्ती घातली तेच तुम्ही करत होतात.

आणि डिस्क ‘रॉ’ दिसत असेल, म्हणजे तिच्यातली मांडणी विंडोजला ओळखता येत नसेल, उघडायला गेल्यावर विंडोज ‘आधी फॉरमॅट करा’ म्हणत असेल, तर चेकडिस्क स्वतःच हात वर करतं : रॉ ड्राइव्हवर ते चालतच नाही. ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ येत असेल तर बहुतेक वेळा प्रश्न मालकीहक्काचा असतो. विंडोज नव्याने टाकलं, जुन्या खात्याच्या नावावरचे फोल्डर नव्या खात्याला उघडेनात, एवढंच. तिथेही चेकडिस्कचं काम नाही. डिस्क न उघडण्याची ही दोन नेहमीची कारणं वजा केल्यावर तुमचे दहा कुठून आले आणि त्यातले नऊ कुठून, हे मला खरोखर कळून घ्यायचं आहे.

पण या वाक्यावर मी एवढा का अडलो, तेही सांगतो. कारण हे वाक्य माझं आहे. ‘दहापैकी नऊ वेळा होतं काम, काळजी करू नकोस,’ असं मी २००९ साली माझ्या मेहुण्याला म्हणालो होतो.

त्याची ३२० जीबीची, बाहेरून जोडायची डिस्क होती. फोल्डर उघडताना अडकायची, मग ‘फाइल खराब झाली आहे, वाचता येत नाही’ असा संदेश द्यायची. तिच्यात त्याच्या मुलीच्या पहिल्या दीड वर्षाचे फोटो होते. तेव्हा मी चार लोकांचे संगणक दुरुस्त करून दिलेले, त्यामुळे घरात माझा दरारा होता. मी एफ आणि आर दोन्ही स्विच देऊन चेकडिस्क लावलं आणि झोपलो. मध्यरात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा पडद्यावर ‘डिलीटिंग इंडेक्स एंट्री’, ‘डिलीटिंग इंडेक्स एंट्री’ अशा ओळी सरकत होत्या. मला वाटलं, वा, साफसफाई चालली आहे.

सकाळी डिस्क उघडली. लगेच, न अडकता. मी ती ऐटीत परत दिली. तुमच्या हिशोबात ही डिस्क नऊमध्ये बसते. मीही कितीतरी दिवस ती नऊमध्येच धरत होतो.

आठवड्याने मेहुण्याचा फोन आला. फोटोंचे फोल्डर जागेवर नव्हते. मुळाशी एक लपलेला फोल्डर सापडला, फाउंड.०००, आणि त्यात फाइल००००.सीएचके, फाइल०००१.सीएचके अशी न संपणारी रांग. नावं नाहीत, तारखा नाहीत. शेवटचं सीएचके बदलून जेपीजी केलं की काही उघडायचे, काही अर्धे. कपाळ, डोळे, आणि त्याखाली राखाडी पट्टा. तीन रविवार मी ते निवडत बसलो. मेहुणा आजही माझ्याशी नीट बोलतो, दर दिवाळीला येतो, पण त्या दिवसापासून त्याने साधी पेन ड्राइव्हसुद्धा माझ्या हातात दिलेली नाही.

तुमची २५ वर्षं असतील. माझे ते तीन रविवार आहेत.

चेकडिस्कने त्या रात्री चूक केली नव्हती. ते त्याचंच काम करत होतं. फाइल सिस्टिमची वही स्वतःशी सुसंगत करणं हे त्याचं काम. कुठल्या फाइलची नोंद कुठे, कुठला फोल्डर कुणाच्या पोटात, हा हिशोब जुळवायचा. जी नोंद जुळत नाही ती खोडायची. खोडलेल्या नोंदीमागे तुमच्या भाचीचे फोटो आहेत की रिकामी जागा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आर स्विच दिला तर ते फाइलींची आणि मोकळी अशी सगळी जागा वाचून काढतं, आणि डोकं आधीच थकलेल्या डिस्कला तेच झेपत नाही. खराब सेक्टरवर डिस्क स्वतःही पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, प्रत्येक ठिकाणी काही सेकंद जातात, आणि शाबूत भागापर्यंत पोचायच्या आत डिस्कने मान टाकलेली असते. डिस्क वाचता येणं आणि डेटा वाचणं या दोन गोष्टी आपल्या भाषेत एकाच शब्दाने बोलल्या जातात, म्हणून सगळा घोटाळा. तुमचे नऊ जण पहिलं मोजून खूश होऊन गेले. दुसरं त्यांनी मोजलं का, हे तुम्ही आठवड्याने फोन करून कधी विचारलंत?

म्हणून आधी नक्कल. डीडीरेस्क्यू हा आजारी डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्रॅम नेमकं उलट्या क्रमाने चालतो : अडलं की ती जागा सोडून पुढे उडी मारतो, सहज वाचता येईल ते सगळं आधी उचलतो, आणि अवघड जागांकडे शेवटी वळतो. काय झालं, काय राहिलं हे तो एका मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे मध्ये वीज गेली किंवा डिस्क गरम झाली म्हणून थांबवलं तरी पुढे तिथूनच सुरू करता येतं. मॅपफाइल द्यायला मात्र विसरू नका, नाहीतर हा फायदा गेला. १ टीबीची धडधाकट डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तर पावणेतीन तास लागतात; आजारी डिस्कला दोन दिवसही लागतील. लागू द्या. नंतर त्या नकलेवर काय हवे ते प्रयोग करा. एनटीएफएसच्या (विंडोजच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमच्या) बूट सेक्टरची, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या कप्प्याची, प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते, ती टेस्टडिस्क या प्रोग्रॅमने पुढे आणता येते आणि ‘रॉ’ दिसणारी डिस्क कधीकधी दोन मिनिटांत उघडते. तेही नाही जमलं तर फोटोरेक, हरवलेल्या फाइली शोधून काढणारा प्रोग्रॅम. नकलेची आणखी एक नक्कल काढून ठेवलीत तर तिच्यावर तुमचं लाडकं चेकडिस्कसुद्धा खुशाल चालवा, एफ देऊन, आर देऊन, हवं ते देऊन. माझी हरकत मूळ डिस्कवर आहे.

राहिलं, दुसरी डिस्क कुठून आणायची. उसनी आणा. तीही मिळत नसेल तर मिळेपर्यंत आजारी डिस्क काढून, बंद करून कपाटात ठेवा. बंद डिस्क पंधरा दिवस थांबते, चालू ठेवलेली थांबेलच असं नाही. बॅकअप आधी का घेतला नाही हा प्रश्न लेखाचा विषयच नव्हता, त्यामुळे त्यावर वाद घालत नाही. आणि सामान्य माणूस घाबरतो म्हणाल, तर डिस्क टिकटिक करायला लागली की त्याने थोडं घाबरलेलंच मला चालेल.

केबलचा परिच्छेद लेखात आज वर घेतला आहे, आणि स्विचचा खुलासाही घातला आहे. तिथे ‘एका वाचकाच्या सूचनेवरून’ असं लिहिलंय. नाव टाकायला माझी हरकत नव्हती, पण ते तुम्ही दिलेलं नाही.