‘वाऱ्याचा झोत आला की वैमानिकाच्या हातात काही नसतं’ हे खरं नाही

जळगाव, धुळे, शिरपूर इथे शिकाऊ विमानांची ये-जा असते, म्हणून खान्देशातल्या व्हॉट्सॲप गटांवर हा मेसेज फार फिरतोय: ‘लहान विमान हलकं. पश्चिमेचा वारा समोरून असेल तर भीती नाही. झोताच्या वाऱ्यात वेग वाढवून उतरावं, चाकं टेकली की सुटलो. बाकी वैमानिकाच्या हातात काही नसतं.’ खाली 2021 च्या चोपडा तालुक्यातल्या अपघाताचा दाखला. ते विमान धावपट्टीवर उतरताना नव्हे, सातपुड्याच्या डोंगराळ भागात कोसळलं होतं. एक प्रशिक्षक त्यात गेले. त्यांचा मृत्यू असा कुठेही जोडू नये.

समोरच्या वाऱ्याचं घ्या. जळगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, पावसाळी वारा बराचसा तिच्या रेषेत येतो, हे खरं. पण धोका वाऱ्याच्या जोरापेक्षा त्याच्या चढउतारात असतो. 65 नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किमी) उतरताना समोरचा वारा एकाएकी 10 नॉटने पडला, तर पंखांना क्षणभर 55 नॉटच मिळतात. उचल, म्हणजे विमानाला वर धरणारं बल, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त उचल गेली, तीही जमिनीपासून काही फुटांवर. शिवाय मे-जूनच्या वादळी ढगाखालचा वारा कोणत्याही दिशेने सुटतो. 20 नॉटचा वारा धावपट्टीशी 45 अंशांत आला की त्याचा आडवा भाग 14 नॉट होतो. सेसना 152 हे दोन आसनी शिकाऊ विमान चाचणीत 12 नॉट आडव्या वाऱ्यापर्यंत उतरवून दाखवलेलं आहे.

वेग वाढवायचा असतो, पण मोजून: झोताच्या फरकाच्या निम्मा. वारा 14 वरून 24 नॉटवर जात असेल तर 5 नॉट. 65 ऐवजी 80 नॉटने आलात तर विमानातली ऊर्जा दीडपट होते. मग ते टेकतच नाही, धावपट्टी संपत येते, घाईने नाक दाबलं की पुढचं चाक आधी आपटून विमान उसळतं.

टेकल्यावरही वारा पंखाखाली शिरतो. विमान जागेवर उभं राहीपर्यंत एलरॉन (पंखांच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आणि रडर (शेपटीवरचं सुकाणू) सोडायचे नसतात.

‘हातात काही नसतं’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. केळीच्या बागा आडव्या करणारं वादळ दिसत असताना उड्डाणच न करणं हातात असतं. विमान सरळ राहत नसेल तर पूर्ण ताकद देऊन पुन्हा वर जाणं, म्हणजे गो-अराउंड, हातात असतं. इंधन पुरेसं असेल तर दुसऱ्या विमानतळावर जाणंही. पहिल्या एकट्या उड्डाणाआधी गो-अराउंड शिकवतात ते याचसाठी.