सांगितलं होतं फक्त पिन बदला

मित्रांनो पोस्ट लांब आहे पण ज्यांच्या घरी वडिलोपार्जित लायसन्सची बंदूक आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही, इनबॉक्समधेही विचारू नका, मले कोणाची बदनामी करायची नाही. पण जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे आबाजींची बारा बोअरची दुनाळी आहे, बर्मिंगहॅमची. आबाजींनी १९६१ मधे सेकंडहँड घेतली, मग बाबांच्या नावावर झाली, आता माझ्या नावावर आहे. काटोलकडे आमचा संत्र्याचा बगीचा, बाजूला तूर अन् कपाशी, आणि रानडुकरं काय करतात ते ज्याच्या वावरात एक रात्र कळप घुसला त्यालाच विचारा. लायसन्स पीक संरक्षणाचंच आहे. वर्षात दोन-चार बार होतात, बाकी वेळ तेल लावून कपाटात.

२०२४ च्या लोकसभेला नागपूर-रामटेकचं मतदान १९ एप्रिलला होतं, त्यामुळं मार्चमधेच बंदूक पोलीस स्टेशनला जमा केली, जूनमधे परत मिळाली. आणल्यावर पाहतो तर डाव्या नळीचा बार होत नाही. चाप ओढला की नुसता टक् आवाज, काडतुसाच्या टोपीवर बारीकसा ठसा, बस. म्हणजे टोपीवर ठोका मारणारी फायरिंग पिन घासली किंवा तिची स्प्रिंग ढिली पडली. एवढंच काम होतं, एवढंच.

आता लोक म्हणतील की मग चांगल्या लेथवाल्याकडून पिन करून घ्यायची ना. नाही करता येत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक विकायला जसं लायसन्स लागते तसंच दुरुस्त करायलाही लागते. नागपुरात असे परवानावाले मोजके, त्यातही ज्याच्या हातात खरंच काम आहे असे अजूनच कमी, म्हणजे गिऱ्हाईक बिचारं जाईल कुठं? म्हणून जुलैमधे एका दुकानात नेली. काउंटरवरचे काका म्हणाले, "भाऊ, पंधरा दिवसांत होऊन जाईन, साडेतीन हजार." मी दोनदा सांगितलं की काका बाकी कशाला हात लावू नका, जुनी वस्तू आहे. "काही टेन्शन घेऊ नका." पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागं "१२ बोअर, पिन" लिहून दिलं. बंदुकीचा नंबर नाही, तारीख नाही. तिथंच अडून बसायला पाहिजे होतं मी.

पंधरा दिवसांचे तीन महिने झाले. दर वेळी वेगळं कारण, कारागीर गावाला गेला, स्प्रिंग यायची आहे, सणवार आहे. तेवढ्यात १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि थोड्याच दिवसांत पोलीस स्टेशनमधून फोन, बंदूक जमा करा. लायसन्सवाल्या डीलरकडे जमा असली तरी चालते पण तशी पावती दाखवावी लागते, आणि माझ्याकडं काय तर कार्डाच्या मागं पेननं लिहिलेले तीन शब्द! साहेब मला विचारून राहिले की तुमची बंदूक नेमकी आहे कुठं, आणि मी घाबरून उत्तर देऊन राहिलो. त्याच दिवशी दुकानात जाऊन बसलो, दोन तास बसून नंबर टाकलेली पावती लिहून घेतली, तेव्हा सुटलो.

बंदूक हातात आली निकालानंतर, डिसेंबरमधे. कव्हर उघडलं आणि पहिल्यांदा मला वाटलं दुसऱ्याचीच बंदूक दिली. काळीकुट्ट चकचकीत, दस्त्यावर वॉर्निश. काका खुश, म्हणे पहा कशी नवी करून दिली, अकरा हजार द्या.

मी न विचारता केलेल्या या "नव्या"बद्दलच बोलून राहिलो आहे. त्यांनी सगळ्या लोखंडावर बफिंग मारलं होतं. कडेची बारीक नक्षी गुळगुळीत झाली, स्क्रूच्या खाचा चुकीच्या पेचकसानं फाटल्या, आणि नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसचे शिक्के होते ते पुसट झाले. ते शिक्के शोभेचे नसतात, ही नळी नेहमीपेक्षा जोरदार बार करून तपासली आणि पास झाली आहे असा तो दाखला असतो. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे नंबर. नंबराचे शेवटचे दोन आकडे उजेडात तिरपी धरल्याशिवाय दिसेनात. शस्त्राचा नंबर घासणं, पुसणं याला कायद्यात सरळ मनाई आहे, लायसन्सवर जो नंबर आहे तो बंदुकीवर वाचता आला नाही तर जाब मला द्यावा लागणार, बफिंगवाल्याला नाही. काकांना दाखवलं तर म्हणे "दिसते ना, काय झालं त्यात."

पैशांवर वाद झाला, शेवटी सहा हजार देऊन बाहेर पडलो कारण बंदूक तिथं ठेवायची हिंमत नव्हती.

शेतात जाऊन चार काडतुसं लावली, खडकीच्या कारखान्याची, शक्तिमान नावाची, नवीन डब्यातली. डाव्या नळीचे दोन बार झाले, तिसऱ्याला परत टक्. नळी समोर मोकळ्याकडं धरून अर्धा मिनिट तसाच उभा राहिलो, कारण कधी कधी बार उशिरा होतो आणि लगेच उघडली तर तोंडावर येते. मग उघडून पाहिलं, परत तोच हलका ठसा.

आमच्या शेजारी एक काका आहेत, अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, आयुष्य टूलरूममधे गेलं. त्यांना घरी बोलावून नुसती दाखवली. पिनेचं टोक पाहून लगेच म्हणाले, याला पाणीच दिलं नाही, म्हणजे तापवून-विझवून कडक केलंच नाही, मऊ सळईची करून बसवली, म्हणून तीन ठोक्यांत चपटली. मग त्यांनी नळ्या वेगळ्या करून दोरीला टांगल्या आणि लाकडी दांडीनं हलकेच वाजवल्या. चांगल्या जोडनळ्या घंटीसारख्या वाजतात म्हणे. आमच्या फुटक्या मडक्यासारख्या वाजल्या. काका गप्पच झाले.

कारण असं की दुनाळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी कथलाच्या डाखानं, म्हणजे सोल्डरनं, जोडलेली असते. आणि आजकालचं झटपट काळं करणं म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात बुडवणं, ते द्रावण पाण्याच्या उकळीपेक्षा कितीतरी गरम असते आणि कॉस्टिक तो डाख खाऊन टाकते. वरून ते क्षार पट्टीच्या आत जाऊन बसतात, आतून गंज चढत राहतो, बाहेरून सगळं चकचकीत. एकनाळीला चालून जाते, जोडनळीला कधीच करायचं नसते. तिची जुनी पद्धत वेगळी आहे, हळूहळू गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात टाकून तो काळा करायचा, घासायचा, परत चढवायचा, असं कितीतरी दिवस. वेळ लागतो म्हणून कोणी करत नाही, ठीक आहे, पण मग करूच नका ना! मी मागितलंच कुठं होतं?

साठ वर्षांत आबाजी आणि बाबांनी तिला एक ओरखडा येऊ दिला नाही हो. रात्री जागलीवरून आले की जेवायच्या आधी नळी पुसायचे.

नंबराचं मी लेखी कळवलं. पोलीस स्टेशनच्या साहेबांनी भिंग लावून पाहिलं, आकडे जुळवले, अर्जावर पोच दिली, माणूस समजूतदार निघाला. दुकानात परत गेलो होतो, उत्तर तेच, "जुनी बंदूक आहे, होते असं."

बाबा गावाहून फोन करून विचारतात, "दुरुस्तीले टाकली होती ते काय झालं, डुकरं बगीच्यात येऊन राहिले." त्यांना अजून नळ्यांचं सांगितलं नाही. सध्या फटाक्यांवर आणि डब्यांवर भागवून राहिलो.

तर विनंती एवढीच, कथलाच्या डाखानं पट्टी परत बसवणारा आणि जुन्या पद्धतीनं नळ्या काळ्या करणारा लायसन्सवाला कारागीर कोणाच्या ओळखीत असेल तर कमेंटमधे सांगा. विदर्भात नसेल तरी चालेल. कोणी बिहारमधल्या मुंगेरचं नाव सांगितलं आहे, तिकडं बंदुकीचं काम पिढ्यानपिढ्या चालते हे मलाही माहीत आहे, पण ज्याने स्वतः तिथं दुनाळी देऊन परत आणली असा माणूस भेटला तर आधी त्याच्याशी बोलायचं आहे.