सात अंगणं वाकडी

'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण ज्याने कुणी काढली त्याच्याकडे एकच अंगण असणार. अंगण बदलून बघायची सोय त्या बिचाऱ्याला नव्हती. मला आहे. माझ्याकडे सात गिटारी आहेत आणि सातही वाकड्या आहेत, हे मी पंधरा वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

सगळ्याचं मूळ एफ नावाच्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या जुळणीत आहे. गिटार शिकायला लागल्यावर पहिल्या महिन्यात सी, डी, जी, ई मायनर अशी सज्जन मंडळी भेटतात. दोन-तीन बोटं इकडेतिकडे टेकवली की वाजतात. मग एक दिवस एफ येतो. पहिलं बोट पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) आडवं टाकून सहाच्या सहा तारा दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढे आणखी कसरत करायची. त्यात पहिला फ्रेट म्हणजे नटच्या, मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, अगदी शेजारचा. तिथे तार दबायला सगळ्यात नाखूश असते. माझ्या एफमध्ये दोन तारा वाजतात, एक कुरकुरते आणि तीन मौन पाळतात.

पहिली गिटार नायलॉनच्या तारांची, क्लासिकल. तिची मान नटपाशी 52 मिलिमीटर रुंद. एवढ्या रुंदीवर बोट आडवं टाकणं म्हणजे ओढ्यावर पातळ फळी टाकण्यासारखं, मध्ये वाकणारच. दोष उघडउघड गिटारचा होता. म्हणून दुसरी आली, अरुंद मानेची, स्टीलच्या तारांची. रुंदीचा प्रश्न मिटला. पण त्या सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या आसपास असतो, म्हणजे त्या मानेला एक धडधाकट माणूस कायमचा लोंबकळत असतो. त्याला मी एका बोटाने दाबून धरावं ही अपेक्षाच अमानुष आहे.

तिसरी इलेक्ट्रिक. बारीक तारा, ताण जवळपास निम्मा. एफमधल्या तीन तारा वाजू लागल्या. चौथी वाजेना, तेव्हा एका जाणकाराने सांगितलं, "तुझी स्केल लांब आहे." गिटारींतही घराणी असतात. फेंडर घराण्यात नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे तारा दुसऱ्या टोकाला जिथे टेकतात तिथपर्यंत, तारेची लांबी 25.5 इंच, गिब्सन घराण्यात 24.75. तेवढीच जाड तार, तोच सूर, पण लांबी कमी की ताण साधारण 6 टक्क्यांनी उतरतो. त्या पाऊण इंचासाठी मी चौथी गिटार घेतली. लोक पाऊण इंचासाठी भावाभावांत कोर्टात जातात, त्या मानाने मी सौम्य.

पाचवीचा ब्रिज तरंगता. त्याचा एफशी काय संबंध, असं बायकोने विचारलं होतं. मी उत्तर दिलं होतं, पण ते आता मलाही आठवत नाही. सहावी बारा तारांची. एफ सहा तारांवर लागत नाही म्हणून बारा तारांची गिटार घेणाऱ्या माणसाबद्दल तुमचं जे मत झालं असेल, तेच घरातही आहे. आणि सातवी छोटी, प्रवासात सराव व्हावा म्हणून घेतलेली. तिने आजवर हॉल ते बेडरूम एवढा प्रवास केला आहे.

एकदा वाचनात आलं की ज्याने टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टर अशा गिटारी जगाला दिल्या, त्या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मला इतकं बरं वाटलं की मी ते स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने वाचून दाखवलं.

"बघ, त्यालाही येत नव्हती."

"हो, पण तो विकायचा," बायको म्हणाली. "तू विकत घेतोस."

आमच्यातल्या या दुखण्याला 'गिअर अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम'च्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'गॅस' म्हणतात. आणखी एक वाद्य घ्यावंसं वाटणे, हे त्याचं एकमेव लक्षण. नाव मात्र अचूक आहे. मध्यरात्री छातीत काहीतरी दाटून येतं, झोप लागत नाही आणि सकाळी कुणाला सांगायची लाज वाटते.

तर परवा रविवारी बायकोच्या ऑफिसमधली मंडळी संध्याकाळी यायची होती. "वाजव हं काहीतरी," ती सकाळी म्हणाली. माझ्या पोटात गोळा आला. वाजवणं टाळायचं असेल तर वाद्याची सेवा सुरू करावी, हा माझा जुना उपाय आहे. मी जाहीर केलं की आज सगळ्या गिटारींच्या तारा बदलायच्या आहेत. सहा गिटारींच्या सहा-सहा आणि एकीच्या बारा, एकूण 48.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटेल, तार काय, एक काढायची, दुसरी लावायची. तारेचं दुसरं टोक खुंटीच्या भोकातून निघून थेट बुबुळाकडे झेप घेतं, हे त्यांना ठाऊक नसतं. लावून झाल्यावर जास्तीची तार कापायची. कटर कधीच सापडत नाही, म्हणून बायकोचं नेलकटर घ्यायचं आणि त्याची धार गेल्याबद्दल नंतर आश्चर्य व्यक्त करायचं. कापलेले तुकडे मोजून गोळा केले तरी एक कमी भरतो. तो आठवड्याने सापडतो, तळपायाला.

दहा वाजता क्लासिकलपासून सुरुवात केली. नायलॉनच्या नव्या तारा दोन-तीन दिवस नुसत्या ताणल्या जात असतात. सूर लावून पाठ फिरवली की त्या पुन्हा सैल. स्टीलच्या तारा लावून झाल्यावर पहिलीकडे वळून पाहिलं, तर ती अर्धा स्वर खाली. पुन्हा चढवली. तोवर दुसरी उतरली. रहाटगाडगं सुरू झालं.

मग तरंगता ब्रिज. त्याची रचना थोडक्यात सांगतो, म्हणजे माझ्याबद्दल सहानुभूती वाटेल. हा ब्रिज लाकडावर घट्ट बसवलेला नसतो. पुढून सहा तारा त्याला ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात आणि या ओढाताणीत तो मध्येच कसाबसा उभा असतो. एकत्र कुटुंबासारखं. एक तार वर चढवली की ब्रिज तिच्याकडे झुकतो आणि बाकीच्या पाच जणी सुरातून उतरून रुसतात. त्यांची समजूत काढावी तर पहिली उतरते. या गिटारच्या तारा एकेक करून बदलाव्यात, असं सगळे शहाणे सांगतात. मी सहाही एकदम काढल्या. ब्रिज खड्ड्यात बसला. शेवटी मुलीचा खोडरबर त्याच्याखाली सरकवून त्याला वर काढलं. या एका गिटारला दीड तास गेला आणि त्या दीड तासात मी जे बोललो ते मुलीने ऐकलं नसावं.

मधल्या वेळेत माझा मित्र डोकावून गेला. तो लाकूडवाला आहे, म्हणजे गिटारच्या लाकडावर बोलणारा. पाठ रोझवुडची हवी, नाहीतर आवाजात माती, वगैरे. मी त्याला टोरेस या स्पॅनिश कारागिराची गोष्ट सांगितली. 1862 मध्ये त्याने एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. आवाज वरच्या फळीतून येतो, हे त्याला सिद्ध करायचं होतं. मित्र जरा वेळ गप्प बसला. "पण वरची फळी कसली होती?" त्याने विचारलं. असल्या माणसांना उपाय नाही. मी धरून.

दुपारी दोनच्या सुमारास मला एक शोध पुन्हा लागला, जो मला दर खेपेला लागतो. ट्युनरवर, म्हणजे सूर तपासणाऱ्या यंत्रावर, सगळे हिरवे दिवे, तरी ई कॉर्ड वाजवली की त्यातली एक तार चावते. ती चावणारच. फ्रेटची जागा ठरवताना सप्तकाचे बारा समान भाग करतात, प्रत्येक फ्रेटच्या सुराची कंपनं मागच्याच्या 1.0595 पट. या समान वाटणीत आपला शुद्ध गंधार नैसर्गिक जागेपेक्षा चढा पडतो. अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्यातले 14. ट्युनर हिरवा असला तरी कान तक्रार करतो. थोडक्यात, अंगण वाकडंच असतं, हे गणिताने सिद्ध झालं आहे. मी हे धावत जाऊन सांगितलं. बायको म्हणाली, "मग त्याच अंगणात बाकीचे कसे नाचतात?"

याला उत्तर नाही. विली नेल्सन या अमेरिकन गायकाकडे 1969 पासून एकच गिटार आहे, ट्रिगर नावाची. वाजवून वाजवून तिच्या फळीला भोक पडलं आहे. माझ्या गिटारींना कधी भोक पडलंच, तर ते वाळवीने पडेल. त्यांच्या अंगावर चरा नाही. घरात ताप बघायला थर्मामीटर नाही, पण गिटारींच्या पेटीत आर्द्रतामापक आहे. हवेत दमटपणा 45 ते 55 टक्के असावा लागतो. कमी झाला तर लाकूड आकसून चिरतं, जास्त झाला तर फुगतं. मुलगी शिंकली तर मी "पाणी पी" म्हणतो आणि त्याच दमात काट्याकडे बघतो.

पाच वाजता शेवटची, बारा तारांची घेतली. तिच्यात तारांच्या सहा जोड्या. खालच्या सुरांच्या चार जोड्यांत एक जाड तार आणि तिच्यावर एक सप्तक चढी बारीक तार असते. त्यांतली जीची बारीक तार सबंध गिटारमध्ये सगळ्यात चढ्या सुराची, केसासारखी. ती तुटते. कधी, एवढाच प्रश्न. श्वास रोखून, चेहरा बाजूला करून मी तीही चढवली. सहा वाजता सात गिटारी, 48 तारा, सगळ्या सुरात. असं याआधी कधी झालं नव्हतं. माझी बोटं काळी पडली होती, पण मी खूश होतो. सेवा करता करता वेळ संपला होता आणि वाजवायची ताकद उरली नव्हती.

मंडळी आली. भिंतीवरच्या रांगेकडे बघून एकजण म्हणाले, "बाप रे, म्हणजे तुम्ही चांगलेच वाजवत असणार!" संग्रहाचा हा तोटा कुणी आधी सांगत नाही. एक गिटार असली तर लोक अपेक्षा ठेवत नाहीत.

मी बारा तारांची उचलली. ती नुसती छेडली तरी खोली भरून जाते आणि वाजवणाऱ्याची योग्यता झाकली जाते. एफ न लागणारी साडेतीन गाणी मला येतात, त्यांतलं एक सुरू करणार, तेवढ्यात एका बाईंनी वेगळंच गाणं सुचवलं. सगळ्यांना ते येत होतं. मलाही येतं, सी पट्टीत. धृपदाच्या दुसऱ्या ओळीत एफ आहे.

एरवी मी कॅपोचा, म्हणजे मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणाऱ्या चिमट्याचा, आधार घेतो. पाचव्या फ्रेटवर कॅपो चिमटवला की एफच्या जागी सीची बोटं चालतात आणि कुणाला कळत नाही. पण कॅपो मुलीने शाळेच्या प्रोजेक्टच्या कागदांना चिमटा म्हणून लावला होता आणि ते कागद मैत्रिणीच्या घरी होते.

सगळे गाऊ लागले. पहिली ओळ सुखरूप गेली. दुसरी समोरून येताना दिसली. मी पहिलं बोट आडवं केलं, बारा तारांवर टाकलं, डोळे मिटून हात खाली मारला आणि टण्णकन आवाज झाला.

जीची बारीक तार. तुटली होती.

गाणं थांबलं. "अरेरे," सगळे एकदम म्हणाले. मी तुटलेलं टोक हातात घेऊन खिन्नपणे त्याच्याकडे पाहत राहिलो. इतका आनंद मला गिटारने कधी दिला नव्हता. "नवीन होती," मी जड आवाजात म्हणालो. "आजच लावली होती. आता काय..."

"असू दे रे," बायको म्हणाली. "अजून सहा आहेत ना? आणि आज सगळ्या लावलेल्याच आहेत."

मुलगी तोवर दोन्ही हातांत एकेक घेऊन आलीसुद्धा होती.