नकार द्यायला एवढी वणवण का?

बायकोच्या थायरॉइडच्या गोळ्यांबद्दल नेटवर एकदा काय वाचलं, तेव्हापासून पावसाच्या बातम्या उघडा की थालीपिठाची कृती, थायरॉइडचे काढे आणि डाएट प्लॅन यांच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत. आमच्या घरातलं दुखणं बाजारात मांडायचा अधिकार या साइटवाल्यांना नि जाहिरातवाल्यांना दिला कुणी?

विचारलं की उत्तर तयार, ‘तुम्हीच तर मान्य केलंत!’ अहो, दुसरं काय करणार? साइट उघडली की कुकीजना, म्हणजे आपला माग ठेवायला ब्राउझरमध्ये साठवल्या जाणाऱ्या छोट्या नोंदींना, परवानगी मागणारी चौकट येते. तिच्यात ‘सगळं मान्य’ हे बटण ठसठशीत, रंगीत, अगदी बोटाखाली. नकार द्यायचा तर तीन पानं आत शिरा, फिकट अक्षरं वाचा, एकेक खूण काढत बसा. ही उघड लबाडी आहे. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण नियामकाने नेमकं यासाठीच जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड ठोकला. स्वीकारायला एक क्लिक, नाकारायला अनेक, हे चालणार नाही म्हणून.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. लोकांची डिजिटल माहिती जपणारा कायदा यायला २०२३ उजाडलं, नियम यायला नोव्हेंबर २०२५, आणि वर कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्षाची मुदत! आमचा माल, म्हणजे आमची माहिती, मात्र रोज उचलला जातोय.

गूगलच्या क्रोम ब्राउझरने २०२० मध्ये त्रयस्थ कुकीज, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नव्हे तर जाहिरातवाल्यांसारख्या तिसऱ्याच कुणाच्या कुकीज, दोन वर्षांत बंद करू म्हटलं, तारखा ढकलल्या आणि २०२४ मध्ये बेतच गुंडाळला. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने त्या २०२० मध्येच बंद केल्या होत्या, म्हणजे जमत नव्हतं असं नाही. ब्राउझर ज्याचा, जाहिरातींचा धंदाही त्याचाच. आणि इन्कॉग्निटोच्या, म्हणजे ब्राउझरच्या ‘खासगी’ खिडकीच्या, भरवशावर तर राहूच नका. तुमच्या फोनवरचा इतिहास तेवढा राहत नाही, आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, साइटला दिसतोच.

मी फायरफॉक्स हा ब्राउझर घेतला, त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाकलं, अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये जाऊन जाहिरातवाले ज्यावरून फोन ओळखतात तो जाहिरात आयडी डिलीट केला. तुम्हीही आजच करा. पण मग साइट दटावते, ‘अ‍ॅड ब्लॉकर काढा, तरच वाचा.’ शिवाय कुकीज अडवल्या तरी स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइम झोन जुळवून माणूस हुडकतातच. सातवी शिकलेल्या माझ्या आईने हे सगळं कुठे शिकायचं? तिने का शिकायचं? पाळत मुळातच बंद ठेवा. ज्याला आपल्यावर नजर हवी असेल, तो शोधेल ते बटण तीन पानं आत जाऊन.