सत्तर टक्के आणि आमची आत्या

मुन्नारच्या बाजारात जिकडे पाहावं तिकडे ‘होममेड चॉकलेट’ची पाटी. नक्की कुणाच्या घरी बनतं, ते मात्र कुणी सांगत नाही. आम्ही शिरलो त्या दुकानात डार्क म्हणून जो चौकोन पुढे आला, तो दिसायला काळाकुट्ट आणि चवीला डालडा. विरघळायचं सोडून टाळूला चिकटून बसला. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतलं तूप, महाग, म्हणून त्याच्या जागी दुसरं वनस्पती तूप घालतात. धंद्यात त्याला ‘कंपाउंड’ म्हणतात. आत्याने अर्धा किलो घेतलं. “वाटायला बरं.”

आणि हा सगळा इडुक्की जिल्हा म्हणजे कोकोचा मुलूख! दुसऱ्या दिवशी खाली मसाल्याच्या बागेत झाडच पाहिलं. फळं थेट खोडाला लगडलेली, फणसाच्या धाकट्या भावंडांसारखी. बागवाल्याने एक फोडलं. आत बियांभोवती पांढरा, आंबटगोड गर. “गर चोखा, बी चावू नका,” असं तो म्हणेपर्यंत आतोबांनी चावली होती. कडूजहर! चॉकलेटचा वास नावालाही नाही. तो यायला बिया गरासकट पाच-सात दिवस आंबवाव्या लागतात, मग वाळवून भाजाव्या लागतात. आतोबा जेवणापर्यंत गप्प होते, हा आम्हाला झालेला वरकड फायदा.

तिथल्याच दुकानात मला ती वडी सापडली. सत्तर टक्के कोको, तोही इडुक्कीचा, घटक दोनच: कोको आणि साखर. तुकडा जिभेवर ठेवला. आधी कडू, मग मनुका, मग आमसुलासारखी आंबट कळ. मी डोळे मिटले.

“चक्कर आली का रे?” आत्या.

तिलाही तुकडा दिला. तिने तो तोंडात घोळवला, रुमालात काढला आणि म्हणाली, “साखर विसरलेत. परत कर.” मी आणखी वड्या घेतल्या.

खरे हाल परतीच्या वाटेवर. कोको बटर साधारण ३४ अंशांला वितळतं. म्हणूनच ते तोंडात विरघळतं, आणि मे महिन्यात एर्नाकुलम स्टेशनवरही. गाडीत मी वड्या ओल्या टॉवेलात गुंडाळून एसीच्या झोताखाली धरून बसलो. समोरच्या आजोबांनी हळूच विचारलं, “इन्सुलिन का?” मी मान हलवली. त्यांनी लगेच आपली गार जागा मला दिली. रत्नागिरी येईपर्यंत मी त्यांच्यासमोर एक तुकडाही खाऊ शकलो नाही.

घरी उघडल्या तर वर पांढुरकं पूट. कोको बटर वितळून वर येतं आणि पुन्हा गोठतं, खायला बाधत नाही, हे मी समजावतोय तोवर आत्याने बुरशी जाहीर केली. पण पैसे मोजलेले, टाकवेनात. संध्याकाळी तिने सगळ्या वड्या दुधात घालून उकळल्या. वर साखर आणि वेलची. माया आणि अझ्टेक लोक चॉकलेट पीतच असत; खायची वडी ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने काढली ती थेट १८४७ साली. हे मी सांगायला तोंड उघडलं, तर सगळ्यांची तोंडं कपात.

“पुढच्या वेळी,” आत्या पातेलं खरवडत म्हणाली, “ते बुरशीवालंच जास्त आण.”