अरे, त्या बोल्टनं काय घोडं मारलंय?

जुन्या बाईकचा सायलेन्सर काढायचा म्हटलं की डोकं तापतं. काम अर्ध्या तासाचं, पण एकच जाम बोल्ट अख्खा दिवस खातो. कोकणातली खारी हवा, वर चार महिने पाऊस; गंजणार हे मान्य. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आटे आतल्या आत आवळतात. इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये लोखंडी स्टड, म्हणजे बिनडोक्याचा आट्यांचा दांडा, असेल तर विचारूच नका. खारं पाणी मध्ये शिरलं की ॲल्युमिनियमच खाल्लं जातं.

पण माझा राग गंजावर नाहीच. आधीच्या माणसानं त्या बोल्टचे जे हाल करून ठेवलेत त्यावर आहे! दहाच्या बोल्टला ढिला स्क्रू पाना लावून कोपरे गोल करायचे, स्क्रूला भलत्या मापाचा स्टार स्क्रूड्रायव्हर लावून खाच खाऊन टाकायची. मग पुढच्यानं छन्नी घेऊन बसायचं.

अरे, आदल्या रात्री तेल सोडा. सकाळी डोक्यावर दोन ठोके द्या, तेल पुसून थोडं गरम करा, सहा कोनी सॉकेट नीट बसवा, आधी किंचित आवळा आणि मग सोडवा. पण नाही! पान्याला पाइप लावायचा आणि मारायचा जोर. कट्ट! डोकं हातात, उरलेला बोल्ट आत. आता ड्रिल करा, लेथवाल्याकडे खेपा घाला.

एवढं होऊनही नवा बोल्ट पुन्हा कोरडाच ठोकतात. आट्यांना चिमूटभर कॉपर ग्रीस, म्हणजे बोल्ट जाम होऊ न देणारं तांब्याच्या भुकटीचं ग्रीस, लावायला असा किती वेळ लागतो हो?