शांत सहकारी आणि आपली सोय

प्रत्येक कार्यालयात एक तरी माणूस असा असतो, ज्याच्याविषयी सगळे एकाच सुरात बोलतात: "फार चांगला स्वभाव आहे, कधी कुणाला उलटून बोलत नाही." माझे मत असे आहे की या कौतुकातला बराचसा भाग आपल्या स्वतःच्या सोयीचा असतो. जो उलटून बोलत नाही त्याच्याकडे जास्तीचे काम सरकवणे सोपे जाते, आणि ते सरकवल्यानंतर त्याच्या स्वभावाची तारीफ करणे त्याहूनही सोपे जाते. शांत, स्थिर वृत्तीच्या सहकाऱ्यांबरोबर नीट काम कसे करावे, याविषयी लिहायचे ठरवले तेव्हा हीच गोष्ट आधी सांगाविशी वाटली, कारण बाकीचे सारे प्रश्न यातूनच निघतात.

नागपुरातल्या शासकीय कार्यालयात नोकरी करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन येथे भरते. डिसेंबरात सिव्हिल लाइन्सचे अर्धे रस्ते बंद होतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात, आणि आमच्याकडे आमदारांचे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि "माहिती तासाभरात पाठवा" असे निरोप यांची रीघ लागते. या दिवसांत काही जण मोठ्याने बोलतात, काही जण मोठ्याने धावतात, आणि एखादी ताई आपल्या टेबलावर बसून काम संपवते.

आमच्या कक्षात अशा एक ताई आहेत. वरिष्ठ लिपिक, आवाज इतका हळू की पंख्याखाली बसले तर ऐकू येत नाही. एका प्रश्नाचे उत्तर अत्यंत घाईने तयार झाले होते, स्वाक्षरीसाठी जाणार होते, आणि टपाल घेऊन जाणारा शिपाई दारात उभा होता. ताईंनी "एक मिनिट" एवढेच म्हटले, कपाटातून आदल्या वर्षीचा गठ्ठा काढला, लाल फीत सोडली आणि त्याच विषयावर तेव्हा सभागृहात दिलेल्या उत्तराची प्रत आमच्यापुढे ठेवली. दोन उत्तरांतले लाभार्थ्यांचे आकडे जुळत नव्हते. नव्या उत्तरात एका तालुक्याची बेरीज दोनदा धरली गेली होती. ताईंनी त्या आकड्याखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली आणि तो कुणी काढला याविषयी चकार शब्द न काढता दुरुस्त तक्ता टंकलेखनाला दिला. हे सारे पंधरा-वीस मिनिटांत घडले आणि संध्याकाळपर्यंत कक्षातले बहुतेक जण विसरूनही गेले.

विसरले जाणे हाच या लोकांच्या कामाचा धर्म आहे, कारण त्यांचे बरेचसे काम काहीतरी घडू न देण्याचे असते. घडलेली चूक निस्तरणाऱ्याला शाबासकी मिळते. चूक होऊच न देणाऱ्याच्या नावावर दाखवण्यासारखे काहीच उरत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी कामाचे वाटप होते तेव्हा साहेब नजर फिरवतात, चार जण आपापल्या अडचणी सांगतात, आणि ताई म्हणतात, "होऊन जाईल ना सर, द्या." हे वाक्य ऐकले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. त्या क्षणी त्यांच्या टेबलावर आधीच किती नस्त्या (फायली) आहेत हे कुणी पाहत नाही. बदल्या आणि कामातली दिरंगाई यांविषयीच्या 2005 च्या अधिनियमाने कोणतीही नस्ती साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ एकाच टेबलावर राहू नये असे ठरवून दिले आहे. ती मुदत सांभाळण्याचे ओझे मात्र हो म्हणणाऱ्यांवरच अधिक पडते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की अशा सहकाऱ्याला "कराल ना?" असे विचारूच नये. या प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर असते. त्याऐवजी "हे घेतले तर हातातले कोणते काम मागे ठेवायचे?" असे विचारावे. मग नकार द्यावा लागत नाही, फक्त क्रम सांगावा लागतो, आणि तो ते अचूक सांगतात.

अलीकडे प्रशिक्षणवर्गांत माणसांचे चार स्वभाव चार रंगांत दाखवण्याची पद्धत आहे. तिचे मूळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांनी 1928 साली मांडलेल्या चार प्रकारांच्या वर्गवारीत आहे. त्यावरून चाचण्या मात्र पुढे इतरांनी तयार केल्या. या चौकटींचा उपयोग बोलायला सुरुवात करण्यापुरता आहे, असे मला वाटते. माणूस एका रंगात बसवला की त्याला विचारायचे राहून जाते. कार्यालयात अबोल असणाऱ्या याच ताई भिशीच्या दिवशी सगळ्यांना हसवून हसवून बेजार करतात, असे त्यांच्या शेजारणीकडून मला समजले आहे. स्वभाव ही कमी-अधिक प्रमाणात असणारी गोष्ट आहे आणि जागा बदलली की तिचे प्रमाणही बदलते.

बैठकांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण शांत माणसांचे सर्वाधिक नुकसान तेथे होते. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणसंशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांचा अभ्यास करून दाखवले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. आमच्या आढावा बैठकांत तर सेकंदही मिळत नाही. साहेबांचे वाक्य पूर्ण होण्याआधी कुणीतरी बोलायला लागलेले असते. जो विचार करून बोलतो त्याची पाळी येईपर्यंत निर्णय झालेला असतो, आणि मग इतिवृत्तात "सर्वानुमते" असा शब्द पडतो. हा शब्द मला अलीकडे खटकू लागला आहे. गप्प राहिलेल्या माणसाचे मत त्यात कोणी मोजले, हे एकदा विचारायला हवे.

चौघांनी एकत्र बसून कल्पना मांडण्यापेक्षा चौघांनी वेगवेगळे बसून लिहिलेल्या कल्पना संख्येने अधिक निघतात, हे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 1958 सालीच प्रयोगाने दाखवले होते. त्यामुळे विषयपत्रिका आदल्या दिवशी द्यावी आणि प्रत्येकाकडून चार ओळी लेखी मागवाव्यात, ही सूचना मी नेहमी करतो. एकदा मी ताईंना सहज विचारले की अधिवेशनाच्या काळात काम सोपे व्हावे म्हणून काय बदलावे. त्या तेव्हा फक्त हसल्या. दोन दिवसांनी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी आली: "माझ्या टेबलावरचा दूरध्वनी दुसरीकडे हलवावा. माहिती तयार करणारा आणि फोन घेणारा वेगळा असावा." बैठकीत विचारले असते तर हे उत्तर कधीही आले नसते, आणि इतके नेमके उत्तर बैठकीत बोलणाऱ्या कोणाकडूनही आले नव्हते.

बदलांच्या बाबतीत या लोकांवर हमखास अन्याय होतो. कागदी नस्त्यांवरून ई-ऑफिसवर जाण्याचा आदेश आमच्याकडे शुक्रवारी दुपारी वाचून दाखवला गेला आणि सोमवारपासून अंमलबजावणी असे सांगितले गेले. तरुण मंडळी खूश झाली. ताई काही बोलल्या नाहीत, पण पुढचे कित्येक दिवस त्या संगणकावर काम करून झाल्यावर वहीतही नोंद करत राहिल्या. कुणीतरी त्याला "जुन्या वळणाचे" म्हटले. प्रत्यक्षात त्यांना संगणकाची भीती नव्हती. चुकीच्या कक्षाला गेलेली नस्ती परत कशी आणायची, हे तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते, एवढेच. ते सांगितल्यावर वही आपोआप बंद झाली. स्थिर वृत्तीच्या माणसाला बदल नको असतो, हे अर्धसत्य आहे. त्याला बदलाचे कारण, काय तसेच राहणार आहे याची खात्री आणि थोडा अवधी हवा असतो, आणि हे तिन्ही द्यायला पैसे लागत नाहीत.

आता दुसरी बाजू. शांतपणा हा सद्गुणच असतो असे मी मानत नाही. वाईट बातमी उशिरा सांगणे, ही या स्वभावाची खरी उणीव आहे. कुणाचे मन दुखवायचे नाही म्हणून ते सहकाऱ्याची दिरंगाई पोटात घालतात, ती स्वतः भरून काढतात, आणि एक दिवस अर्ज टाकून सरळ बदली मागतात. तोवर साहेबांना काही खबरही नसते. त्याशिवाय, शांत दिसणारा प्रत्येक जण स्थिर नसतो. काही जण केवळ टाळत असतात. कामाचा निकाल पाहिला की हा फरक कळतो: एकाच्या टेबलावरून नस्ती पुढे जाते, दुसऱ्याच्या टेबलावर ती गोड बोलत पडून राहते. त्यामुळे शांत माणसाशी बोलताना एक प्रश्न ठरवून विचारावा: "यात तुम्हाला कुठे अडचण दिसते?" अडचण आहे हे आधीच मान्य केले की ती सांगणे म्हणजे तक्रार करणे राहत नाही. हा प्रश्न एकांतात विचारावा, चारचौघांत विचारला तर पुन्हा "काही नाही सर" हेच उत्तर मिळेल.

चारचौघांतल्या कौतुकाचेही तसेच. एका वर्षी ताईंना सर्वांसमोर उभे करून टाळ्या वाजवल्या गेल्या, तेव्हा त्या इतक्या अवघडल्या की पुष्पगुच्छ टेबलावर विसरून घरी गेल्या. टाळ्यांची हौस साहेबांनाच अधिक होती. त्या कौतुकाची खरी जागा वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालात आहे, आणि तेथे नेमके "काम समाधानकारक, स्वभाव शांत" असे लिहून आपण मोकळे होतो. पदोन्नतीच्या वेळी समितीपुढे हाच कागद जातो आणि या चार शब्दांवरून कुणालाही काही कळत नाही. कोणत्या उत्तरातली कोणती चूक कुणी वेळेत पकडली, कोणता गठ्ठा कुणी लावून ठेवला म्हणून माहिती तासाभरात गेली, हे त्या रकान्यात विषय आणि दिनांकासह लिहायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही. वर्षअखेरीस आठवत नाही, ही सबब खरी आहे. म्हणून मी अशा नोंदींसाठी खणात एक साधी वही ठेवतो आणि मार्चअखेर अहवाल भरायला बसलो की तीच समोर घेतो.